पंचवीस वर्षांची सुट्टी आणि तिची खरी किंमत

डिचोली तालुक्यातील नार्वे हे गाव पर्यटनाच्या गजबजाटापासून तसे दूर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारलेले श्री सप्तकोटेश्वराचे देवालय, दिवाडीला जाणारी फेरीबोट आणि गोकुळाष्टमीचा उत्सव ही या गावाची बाहेरच्या जगाला असलेली ओळख. मात्र गाव कितीही आडबाजूला असले, तरी सुट्टी विकणाऱ्यांचा फोन तेथे पोहोचतोच. म्हापशात किंवा पणजीत खरेदी करताना भरून दिलेले सोडतीचे कूपन, पेट्रोल पंपावर कोणीतरी लिहून घेतलेला मोबाईल क्रमांक, एखाद्या प्रदर्शनातील वहीत केलेली नोंद, यांपैकी काहीही पुरेसे होते. काही दिवसांनी पलीकडून गोड आवाज येतो. आपल्या कुटुंबाची निवड झाली आहे, तीन दिवस दोन रात्रींचा मोफत मुक्काम मिळणार आहे, रविवारी अमुक हॉटेलात या आणि व्हाउचर घेऊन जा. अट एकच, पती आणि पत्नी दोघांनीही यावे.

ही अट सहज घातलेली नसते. ‘घरी जाऊन विचारून सांगतो’ हे वाक्य त्या सभागृहात कोणालाही उच्चारता येऊ नये, यासाठी ती असते. दोन-तीन तासांच्या बोलण्यानंतर समोर ठेवला जातो तो टाइमशेअरचा करार. ठरावीक रक्कम एकदा भरायची आणि पुढची दहा, पंधरा किंवा पंचवीस वर्षे दर वर्षी एक आठवडा कंपनीच्या कोणत्या तरी रिसॉर्टमध्ये राहायचे, असे या व्यवहाराचे स्वरूप असते. तो सरसकट फसवणुकीचा व्यवहार नव्हे. नियमाने चालणाऱ्या कंपन्या या क्षेत्रात आहेत आणि त्यांचे समाधानी सदस्यही आहेत. प्रश्न आहे तो किमतीचा. सभागृहातील फलकावर लिहिलेला आकडा आणि पंचवीस वर्षांत घरातून प्रत्यक्ष बाहेर जाणारा पैसा यांत मोठे अंतर असते, आणि हे अंतर मोजण्यासाठी लागणारा निवांतपणाच त्या सभागृहात मिळत नाही.

ही कल्पना मूळची युरोपातील. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये तिचा आरंभ झाला. एका कुटुंबाला वर्षभर सुट्टीतले घर परवडत नाही, तर बावन्न कुटुंबांनी ते वाटून घ्यावे, असा तो सरळ विचार होता. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत ‘आरसीआय’ ही अदलाबदल करून देणारी संस्था सुरू झाली आणि एका ठिकाणचा आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा घेण्याची सोय झाली. भारतात १९८६ मध्ये स्थापन झालेली ‘स्टर्लिंग’ आणि १९९६ मध्ये आलेली ‘महिंद्रा हॉलिडेज’ ही या व्यवसायातील ठळक नावे. गोव्यात तर कळंगुट-बागा पट्ट्यात विदेशी पर्यटकांच्या हाती स्क्रॅच कार्ड ठेवून त्यांना अशा विक्रीसाठी नेणारे तरुण कित्येक वर्षे दिसत आले आहेत. त्या काळी गोमंतकीय माणूस या व्यवहाराकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहत होता. आता तोच ग्राहक झाला आहे.

वाटा कशाचा?

वाटा हा शब्द गोव्यातील माणसाला नवा नाही. गावकरीतील, म्हणजेच कोमुनिदादीतील गावकाराला सामायिक जमिनीच्या उत्पन्नातून जोण मिळते. रक्कम किरकोळ असली तरी वाटा असणाऱ्याच्या हाती काही येते, ही त्यामागची समजूत. टाइमशेअरमध्ये नेमके उलटे घडते. तेथे वाटेकरीच दर वर्षी पैसे भरतो. शिवाय भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक योजनांत वाटा मालकीचा नसतोच. सदस्याला मिळतो तो ठरावीक काळापुरता वापराचा हक्क. रिसॉर्टची जमीन, इमारत, तिचे वाढणारे मोल हे सगळे कंपनीचे. पंचवीस वर्षे संपली की सदस्याकडे सातबाऱ्यावर नाव नसते, एक चौदाच्या उताऱ्यावर नसते, भागपत्रही नसते. ‘ही मालमत्ता आहे, मुलांच्या नावे करता येईल’ असे विक्री प्रतिनिधी म्हणतो, तेव्हा तो उरलेल्या वर्षांच्या वापराबद्दल बोलत असतो. मुलांच्या नावे हक्क होतो, आणि त्याबरोबर वार्षिक शुल्काचे देणेही होते.

हे वार्षिक देखभाल शुल्क हाच हिशेबाचा गाभा आहे. ते बहुधा सुट्टी घेतली नाही तरी भरावे लागते. ते भरले नाही तर खोलीचे आरक्षण होत नाही, थकबाकीवर व्याज चढते आणि शेवटी सदस्यत्वही रद्द होऊ शकते. हे शुल्क दर वर्षी वाढते. काही करारांत ही वाढ महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेली असते, तर काहींत ती ठरविण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या करारावर सही करणे म्हणजे रक्कम न लिहिलेला धनादेश देण्यासारखे आहे.

आता आकडे घेऊ. ते केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत, कोणत्याही एका कंपनीचे नव्हेत. सदस्यत्वाची किंमत कर धरून ४ लाख रुपये, मुदत २५ वर्षे, दर वर्षी ७ रात्री. पहिल्या वर्षीचे देखभाल शुल्क कर धरून १६ हजार रुपये आणि त्यात दर वर्षी ५ टक्के वाढ. विक्री प्रतिनिधी येथे एक सोपा भागाकार करून दाखवतो. ४ लाखांना २५ ने भागले की वर्षाला १६ हजार, त्याला ७ ने भागले की रात्रीला सुमारे २,३०० रुपये. एवढ्या पैशांत रिसॉर्टची खोली कोठे मिळते, असा त्याचा सवाल असतो, आणि ऐकणाऱ्याला त्यावर उत्तर सुचत नाही.

या भागाकारात दोन गोष्टी वगळलेल्या असतात. पहिली अर्थातच देखभाल शुल्क. १६ हजारांपासून सुरू होऊन ५ टक्क्यांनी वाढणारे हे शुल्क पंचविसाव्या वर्षी ५१,६०० रुपयांवर पोहोचते, आणि पंचवीस वर्षांची त्याची बेरीज ७ लाख ६३ हजारांहून अधिक होते. म्हणजे मूळ किमतीच्या जवळजवळ दुप्पट. दुसरी वगळलेली गोष्ट म्हणजे ४ लाखांवरील व्याज. ही रक्कम साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवली आणि मुद्दल व व्याज मिळून ती पंचवीस वर्षांत संपेल अशा बेताने काढत गेले, तर दर वर्षी सुमारे ३२,८०० रुपये हाती येतात. म्हणजेच पहिल्याच वर्षी कुटुंबाचा खरा खर्च ३२,८०० अधिक १६,००० असा ४८,८०० रुपये होतो. सात रात्रींनी भागले तर रात्रीला जवळजवळ ७ हजार रुपये.

येथे थांबलो तर हिशेब कंपनीवर अन्याय करणारा ठरेल, कारण हॉटेलांचे दरही दर वर्षी वाढतात, आणि ४ लाखांचा भाग मात्र आज एकदाच भरला की वाढत नाही. तेव्हा बरोबरीची तुलना अशी करावी लागते. पुढील पंचवीस वर्षांचे वाढते शुल्क भरता यावे यासाठी आज साडेसहा टक्के व्याजाने सुमारे ३ लाख ३९ हजार रुपये बाजूला ठेवावे लागतील. त्यात सदस्यत्वाचे ४ लाख मिळवले की या योजनेची आजची खरी किंमत ७ लाख ३९ हजार रुपये होते. हीच रक्कम बँकेत ठेवून दर वर्षी सात रात्री साधे हॉटेल घेतले, आणि खोलीचे भाडेही ५ टक्क्यांनी वाढत गेले, तर आजच्या दराने रात्रीला सुमारे ५ हजार रुपयांची खोली पंचवीस वर्षे परवडते. व्याजावर प्राप्तिकर भरणाऱ्यासाठी हा आकडा काही शेकड्यांनी खाली येतो.

या ५ हजारांच्या आकड्याजवळ प्रत्येक कुटुंबाने स्वतःची सवय ठेवून पाहावी. जे कुटुंब एरवीही दर वर्षी पूर्ण आठवडा सात-आठ हजारांच्या खोलीत राहते, त्याला टाइमशेअर फायद्याचे ठरू शकते. जे कुटुंब अडीच-तीन हजारांच्या खोलीत समाधानी असते, त्याला ते निश्चितच महाग आहे. पेडणे-डिचोलीकडील कितीतरी कुटुंबांचा प्रवास पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर, शिर्डी, तुळजापूर असा देवदर्शनाचा असतो. तेथे भक्तनिवासात किंवा साध्या लॉजमध्ये मुक्काम होतो. गोव्यातल्या गोव्यात कुलदेवतेच्या दर्शनाला गेले तर देवळाची अग्रशाळा असते. अशा कुटुंबाने रिसॉर्टचे भाडे वाचविण्यासाठी ४ लाख भरणे म्हणजे जो खर्च कधी होणारच नव्हता, तो वाचविण्यासाठी पैसे देणे.

शिवाय हा सारा हिशेब सातही रात्री, पंचवीसही वर्षे वापरल्या असे धरून केलेला आहे. सातपैकी पाचच रात्री वापरल्या, तर बरोबरीचा आकडा ५ हजारांवरून ७ हजारांवर जातो. तीन वर्षांतून दोनदाच जाणे जमले आणि हुकलेला आठवडा वाया गेला, तर तो साडेसात हजारांजवळ पोहोचतो. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेण्याची सोय काही कंपन्या देतात. ती किती वर्षांसाठी आणि कोणत्या हंगामात मिळते, हे करारात पाहावे लागते. पैसे हप्त्यांनी भरायचे ठरल्यास आणखी एक भर पडते. ८० हजार रोख आणि उरलेले ३ लाख २० हजार १५ टक्के व्याजाने ४८ हप्त्यांत फेडायचे म्हटले, तर मासिक हप्ता ८,९०० रुपयांच्या घरात जातो आणि नुसते व्याजच १ लाख ७ हजारांहून अधिक होते.

प्रवासभाडे व जेवण यांत धरलेले नाही. थिवीहून रेल्वेने किंवा मोप्याहून विमानाने चौघांनी केरळला जाऊन यायचे तर तो खर्च वेगळा. रिसॉर्ट बहुधा गावाबाहेर असते, त्यामुळे तीन वेळचे खाणेही तेथलेच आणि तेथल्या दरानेच. ज्यांच्या हिशेबात सरकारी नोकरीतील प्रवास सवलत असते, त्यांनी ती मुख्यतः प्रवासभाड्यापुरती असते, मुक्कामासाठी नव्हे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

गोमंतकीयाचे पंचांग आणि कंपनीचे रंग

टाइमशेअर कंपन्या वर्षाचे हंगाम पाडतात आणि त्यांना बहुधा रंगांची नावे देतात. सर्वात मागणीच्या आठवड्यांचा रंग सर्वात महाग, पावसाळ्यातला आणि आडवेळेचा सर्वात स्वस्त. नाताळ-नववर्ष, दिवाळीचे दिवस आणि मे महिना हे वरच्या रंगात येतात. खालच्या रंगाचे सदस्यत्व घेणाऱ्याला वरच्या हंगामात खोली मिळत नाही, किंवा अधिक पैसे भरून, जागा उरली तरच मिळते. सभागृहात सांगितली जाणारी सर्वात आकर्षक किंमत बहुधा खालच्या रंगाची असते, हे येथे मुद्दाम नोंदवायला हवे.

गोव्यातील हिंदू कुटुंबाचे वर्ष या रंगांशी फारसे जुळत नाही. त्याची मोठी सुट्टी म्हणजे चवथ. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेला माणूसही त्या दिवसांत मूळ घरी येतो. माटोळी बांधायची, पाच-सात किंवा त्याहून अधिक दिवसांचा गणपती, पाहुण्यांची ये-जा, यात रजेचा मोठा वाटा संपतो. उरलेली रजा शिगमा, गावची जत्रा, देवळातील कालोत्सव, नात्यातली लग्ने यांत जाते. थंड हवेच्या ठिकाणी खोली स्वस्त आणि सहज मिळते ती नेमकी पावसाळ्यात, आणि त्याच पावसाळ्याच्या उत्तरार्धात गोमंतकीय घराबाहेर पडू शकत नाही. मुले शाळेत असतील तोवर त्याच्याजवळ उरतो तो मे महिना, म्हणजे सर्वात महाग रंग, आणि त्याही महिन्यात देशभरातील सदस्य त्याच खोल्यांसाठी रांगेत असतात. बोटीवर काम करणाऱ्या तारवटीला किंवा आखातातील नोकरदाराला तर आपली रजा कधी मंजूर होईल हे सहा महिने आधी सांगता येत नाही. आरक्षण मात्र तितके आधी केल्याशिवाय मनाजोगते ठिकाण मिळत नाही.

आणखी एक गोष्ट केवळ गोव्यालाच लागू आहे. देशभर विकल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक योजनेच्या माहितीपत्रकात गोव्याचा समुद्रकिनारा ठळकपणे छापलेला असतो. दिल्ली-अहमदाबादच्या ग्राहकासाठी ते मोठे आकर्षण असते आणि सदस्यत्वाच्या किमतीत त्याचेही मोल धरलेले असते. नार्व्यातील कुटुंबाला त्याचा काय उपयोग? मोरजी, आश्वे, मांद्रेचा किनारा त्याच्यासाठी दुचाकीवरून जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे, आणि पाण्याकाठी बसायचे तर मयेचा तलाव शेजारीच आहे. इतर ज्याला सुट्टी म्हणतात ते गोवेकराच्या परसात आहे. त्याने पैसे भरायचे ते मुन्नार, उटी, मनालीसाठी, आणि तेथल्या खोल्या मर्यादित असतात.

पंचवीस वर्षांचा काळ किती मोठा असतो, हे डिचोली तालुक्याला कोणी सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, काही वर्षांनी सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. कमाई थांबली, पण ट्रकसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थांबले नाहीत. ज्या घरांनी तो अनुभव घेतला, त्यांना उत्पन्नाचा भरवसा आणि देण्याची खात्री यांतला फरक चांगलाच ठाऊक आहे. चाळिशीत सही करणारा माणूस शेवटचे शुल्क भरताना पासष्ट वर्षांचा असेल, आणि आज आठ वर्षांचा असलेला मुलगा तेहतीस वर्षांचा. तोवर त्या कुटुंबाला त्याच पद्धतीची सुट्टी हवी असेल का, याचे उत्तर आज कोणाकडेही नाही.

मध्येच बाहेर पडायचे म्हटले तर वाट अरुंद आहे. जुन्या सदस्यत्वाला बाजारात खरेदीदार मिळणे कठीण, कारण कंपनी स्वतः नवी सदस्यत्वे विकत असते आणि हस्तांतरासाठी शुल्कही आकारते. अमेरिकेत तर वार्षिक शुल्कातून सुटका व्हावी म्हणून लोक आपले आठवडे एका डॉलरला विकायला काढतात. जुने सदस्यत्व चढ्या भावाने विकून देतो असे सांगून आधी ‘प्रक्रिया शुल्क’ मागणारे फोन हा यातूनच निघालेला दुसरा धंदा आहे. त्यापासून सावध राहावे.

परतावा म्हटले की सावध

टाइमशेअरच्या नावाखाली चाललेला सर्वात मोठा धडा मराठी मुलखाला मिळाला तो ‘पॅनकार्ड क्लब्ज’ या मुंबईच्या कंपनीकडून. या कंपनीच्या योजनांत हॉटेलातील मुक्कामाच्या रात्री विकल्या जात. मुदतीत त्या वापरल्या नाहीत, तर शेवटी वाढीव रक्कम परत मिळेल, असे आश्वासन असे. अर्थातच बहुतेकांनी सुट्टीसाठी नव्हे, तर या परताव्यासाठीच पैसे भरले. एजंट ओळखीचे, नात्यातले, शेजारचे असत आणि त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला जाई. रोखे बाजाराची नियामक संस्था असलेल्या ‘सेबी’ने या योजना म्हणजे प्रत्यक्षात नोंदणी न केलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असा निष्कर्ष काढला. २०१४ मध्ये नवी रक्कम गोळा करण्यास मनाई झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये योजना गुंडाळून पैसे परत करण्याचा आदेश निघाला. तोवर ५१ लाखांहून अधिक लोकांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये त्यात अडकले होते. पुढे मालमत्तांवर जप्ती आली, लिलाव झाले, आणि २०२२ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे गेले. आदेश होऊनही सामान्य ठेवीदाराला वर्षानुवर्षे वाट पाहत राहावे लागले.

‘रॉयल ट्विंकल स्टार क्लब’ या आणखी एका कंपनीच्या सुट्टी योजनांबाबतही सेबीने २०१५ मध्ये असाच निर्णय दिला होता. या दोन्ही प्रकरणांतून सामान्य ग्राहकाला उपयोगी पडेल अशी एक स्पष्ट रेषा मिळते. सुट्टी विकणारा जर पैसे वाढवून परत देण्याची भाषा करू लागला, तर तो सुट्टी विकत नाही, ठेव गोळा करतो आहे, आणि त्यासाठी सेबीची नोंदणी असायला हवी. ती नसेल तर तेथून उठावे. आणि तो जर परताव्याचे नावही काढत नसेल, तर भरलेला पैसा हा खर्च आहे, गुंतवणूक नव्हे. मग विक्री प्रतिनिधी तोंडी ‘गुंतवणूक’ हा शब्द कितीही वेळा वापरो.

सही करण्यापूर्वी, आणि नंतरही

‘ही किंमत फक्त आजच’ हे विक्रीतील सर्वात जुने वाक्य. युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअर घेणाऱ्याला चौदा दिवसांत कोणतेही कारण न देता करार मोडण्याचा हक्क दिला आहे आणि त्या चौदा दिवसांत आगाऊ रक्कम घेण्यासही बंदी घातली आहे. भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. काही कंपन्या आपल्या करारात ठरावीक दिवसांची अशी मुभा देतात. ती किती दिवसांची, कोणत्या तारखेपासून मोजायची आणि कोणती रक्कम कापून घेतली जाणार, हे वाचूनच क्रेडिट कार्ड खिशातून काढावे. त्याहून उत्तम म्हणजे कराराचा कोरा मसुदा घरी मागावा. मसुदा घरी द्यायला तयार नसलेल्या कंपनीने ग्राहकाचा निर्णय सोपा केलेला असतो.

मसुद्यात पाहायचे ते मुख्यतः शुल्कवाढीचे कलम, आरक्षणाची हमी आहे की ‘उपलब्धतेनुसार’ एवढेच लिहिले आहे, आणि रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते ते. शेवटी बहुतेक करारांत एक वाक्य असते, या छापील मजकुराबाहेर दिलेले कोणतेही तोंडी आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. सभागृहातील तीन तास या एका वाक्याने पुसले जातात. म्हणून मोफत विमान तिकीट, दर वर्षी मे महिन्यातच खोली, आवडले नाही तर पैसे परत, अशी जी आश्वासने दिली गेली, ती कंपनीच्या ईमेलवरून लिहून मागावीत. लिहून मिळाली नाहीत, तर ती नाहीत असे समजावे.

सही होऊन गेली असेल तरीही वाट पूर्ण बंद होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने एक महत्त्वाची सोय केली. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे त्याला दाद मागता येते. कंपनीचे मुख्यालय चेन्नईत असो वा मुंबईत, नार्व्यातील ग्राहक पर्वरी येथील उत्तर गोवा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ शकतो. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्कच नाही. करारात लवादाचे कलम आहे, म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही, असे कंपनीचे पत्र आले तर घाबरू नये. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात अशा कलमामुळे ग्राहकाचा हक्क जात नाही, हे स्पष्ट केले आहे.

याच कायद्यात ‘अनुचित करार’ ही नवी संकल्पना आली. करारभंगाच्या नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड, कंपनीला एकतर्फी करार मोडण्याचा अधिकार, ग्राहकावर लादलेल्या गैरवाजवी अटी अशी कलमे त्यात मोडतात. मात्र कलमच अनुचित आहे, अशी तक्रार असेल तर जिल्हा आयोग नव्हे, पणजीतील राज्य आयोग गाठावा लागतो. सेवेतील त्रुटीची किंवा खोटे सांगून विक्री केल्याची तक्रार जिल्हा आयोगाकडेच होते. वकिलाकडे जाण्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अनेक कंपन्या तेथेच तडजोडीला तयार होतात.

अनेक सदस्य नाराज होऊन वार्षिक शुल्क भरणे नुसतेच थांबवतात आणि प्रकरण संपले असे समजतात. ते संपलेले नसते. देणे वाढत राहते, आणि आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोनच वर्षांची असते. तीही सरून जाते. बाहेर पडायचे असेल तर सदस्यत्व रद्द करण्याची लेखी मागणी नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलने पाठवावी, तिची पोच जपून ठेवावी. आरक्षण नाकारल्याचे प्रत्येक उत्तर, तारखेसह मोबाईलवर आलेला प्रत्येक संदेश, आणि त्या पहिल्या रविवारी सभागृहात हाती दिलेले माहितीपत्रकही फाईलला लावून ठेवावे.